मग सारे पानी

आक्का, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी चाललेलं भांडण काही मिटलेलं नाही. तुमच्या शिष्यांनी तुमच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली आहे. भावजय म्हणून मीही चार शब्द लिहावेत असा त्यांचा आग्रह. तुमचा जन्म कुठला, गाणं कुणाकडं शिकलात, पुंडलिकनगरात क्लास कधी काढलात, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे, ते लिहितील. मला एका अक्षराबद्दल लिहायचंय. त्या अक्षराची कबुली तुमच्यापुढं द्यायची राहून गेली, ती आता सगळ्यांपुढं देते.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. मी कॉलेजात मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात औरंगपुऱ्यातल्या एका प्रकाशकांसाठी प्रुफं तपासायचे. या लेखात जिच्याविषयी सांगायचंय त्या कादंबरीची प्रुफं मीच तपासली होती. अजिंठ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्यात लिहिलेली ती एकच कादंबरी. त्यांचे डोळे अधू झाले होते, त्यामुळं छापायच्या आधी त्यांना ती पुन्हा वाचता आली नाही. पुस्तक हातात पडलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. पुढं जे वाद झाले त्यांचा निवाडा करायला लेखकच उरला नाही.

कादंबरीत एक म्हातारी आहे. एके काळची नावाजलेली गायिका, आवाज गेल्यावर गावी येऊन राहिलेली. दिवसभर गप्प असते आणि मध्येच एखादं तुटक वाक्य बोलते. नवऱ्याचा विषय निघाला की म्हणते, ‘धनी गप, मनी गम.’ गाणं शिकव म्हणून नात मागं लागली की म्हणते, ‘गा, मग गप.’ फाटलेली शाल बघून म्हणते, ‘सारे धागा धागा.’ गाव तिला वेडी समजतं. परीक्षणं लिहिणाऱ्यांनीही तेच धरलं. कुणी लिहिलं भ्रमिष्ट मनाची भाषा, कुणी लिहिलं भाषेची मोडतोड. मीही वर्गात फळ्यावर ‘तुटलेली भाषा’ असं लिहून पोरांना त्याखाली रेघ मारायला लावायचे.

तुम्हाला ते पुस्तक मी दिलं ते घरातलं माणूस म्हणून, रीत म्हणून. तुम्ही वाचाल असं काही मला वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी दुपारी तुम्ही आलात तेव्हा मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. तुम्ही चपला काढल्या न काढल्या आणि तिथूनच म्हणालात, “उषा, ही बाई येडी नाय. ही गातीय.”

मी म्हटलं, “कोण?”

“तुझी म्हातारी. ऐक.” आणि माझ्यासमोर पाटावर बसून तुम्ही गायलात. ध नी ग प, म नी ग म. मग ग म ग ग प. मग सा रे ध ग ध ग. तिचं प्रत्येक वाक्य सात सुरांच्या अक्षरांचंच होतं, बाहेरचं एक अक्षर नाही. आवाज गेलेली बाई बोलण्याच्या निमित्तानं गात होती आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तिला वेडी ठरवून मोकळे झालो होतो. माझ्या अंगावर काटा आला, आक्का. हे तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नाही. “चहा टाकू का?” एवढंच विचारलं.

तुम्ही चहालाही थांबायला तयार नव्हता. शेवटचं पान काढलंत. म्हातारी मरताना नातीचा हात धरून एक वाक्य बोलते आणि जाते. पुस्तकात ते असं छापलंय: ‘मग सारे पाणी.’ तुम्ही म ग सा रे प इथपर्यंत आलात आणि अडलात. परत सुरुवातीपासून धरलंत, परत तिथंच अडलात.

“हा णी कुठला गं? णी नावाचा सूर नाय.”

मी पुस्तक हातात घेतलं, वाक्य पाहिलं आणि मला झटक्यात सुचलं. मरताना तिचा सूर तुटतो. आयुष्यभर सुरांत बोलली, आणि प्राण जाताना एक अक्षर सुराबाहेर गेलं. काय जबरदस्त जागा आहे! मी मेथीची जुडी बाजूला ठेवून तुम्हाला हे समजावून सांगायला लागले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत.

“छापणाऱ्याची चूक हाय ती. त्या मास्तरांनी पानी लिहिलं आसंल. प आणि नी.”

“आक्का, छापणाऱ्याची चूक असती तर माझ्या नजरेतून सुटली असती का?”

“ते मला काय माहीत,” तुम्ही म्हणालात. “पण गाणारी बाई मरताना बी चुकायची नाय. आणि तू नीट बघ, ती नीवर थांबलीय. शुद्ध नी लागला की पुढं वरचा सा येतो, कानाला त्याची वाट बघावीच लागती. तो यायच्या आत बाई गेली. मास्तरांनी लई बारीक काम केलंय.”

तुमचं हे म्हणणं मी तेव्हा बाजूला सारलं. नीवर थांबणं, सा ची वाट बघणं, हे मला गाण्याच्या क्लासातलं वाटलं. त्याच आठवड्यात मी ‘तुटलेला सूर’ नावाचा लेख लिहायला घेतला. तो एका मासिकात आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. या शहरात, जालन्याला, कुठं कुठं मला व्याख्यानाला बोलावणी आली. कादंबरीचं नाव निघालं की माझा लेख निघायला लागला. विद्यार्थी परीक्षेत तोच उत्तर म्हणून लिहायचे आणि मी त्यांना चांगले गुण द्यायचे.

त्या लेखात तुमचं नाव नाही. ‘संगीताच्या एका जाणकाराशी झालेल्या चर्चेतून’ असं एक वाक्य आहे. म्हातारी गाते हे शोधलं तुम्ही, आणि मी तुम्हाला ‘एक जाणकार’ करून टाकलं. तुम्ही लेख वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, “छान लिहिलंयस. पण ते पानीच हाय.” मला वाटलं, मत्सर. खरंच वाटलं, आता लपवून काय करू.

पुढची कितीतरी वर्षं आपण यावर भांडलो. माणसं जमिनीवरून भांडतात, मानपानावरून भांडतात, आपण नणंद-भावजय न आणि ण वरून भांडत होतो. करमाडला शेतात हुरडा खायला गेलो की तिथं. रिक्षात. तुमच्या भावाच्या साठीला, पंगत बसलेली असताना. हे, म्हणजे तुमचे भाऊ, वाढणाऱ्याला म्हणायचे, “या दोघींच्या मधी पाणी ठेवू नका रे, परत सुरू होतील.” मी म्हणायचे, साहित्यात चूक ही सुद्धा कला असते. तुम्ही म्हणायचात, चूक चूकच आसती, कला केलेली लगेच कळती. मी चार पुस्तकांचे दाखले द्यायचे. तुम्ही फक्त ती ओळ गाऊन दाखवायचात, आणि दर वेळी माझ्या ‘णी’पाशी मुद्दाम खाकरायचात.

एकदा मात्र मी तुमच्याशी वाईट वागले. वाचनालयात त्या कादंबरीवर कार्यक्रम होता, मी मंचावर. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि म्हणालात, “मला वाटतं ते छापताना चुकलंय. एकदा मूळ कागद बघावा.” मी माईक जवळ ओढला आणि म्हटलं, “या आमच्या आक्का. गाण्यातलं माणूस. भाजीवाल्याची आरोळीसुद्धा त्या पेटीवर वाजवून बघतात.” सगळं सभागृह हसलं. तुम्हीही थोडं हसलात आणि खाली बसलात. घरी येताना रिक्षात तुम्ही माझ्या साडीचा रंग चांगला आहे म्हणालात.

आता त्या दुसऱ्या पाण्याबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मी इथल्याच एका कारकुनांच्या घरातली, ब्राह्मणाची. लग्न करून करमाडच्या देशमुखी घरात आले. तुमच्या घरानं मला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझे आईवडील भेटायला आले होते. तुम्ही बाहेर येऊन त्यांना विचारलंत, “पानी आनू का?” आणि माझ्या, नव्या सुनेच्या, तोंडातून निघून गेलं, “आक्का, पाणी. आणू.” सगळ्यांसमोर. मला वाटलं मी मदत करतेय. माझ्या आईनं नजर खाली घातली. तुम्ही आत गेलात, पाणी आणलंत, आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर तुमचा एकही ण चुकला नाही. तुमचं ‘व्हय’ राहिलं, ‘नाय’ राहिलं, ‘लई’ राहिलं, पण ण अगदी जपून यायचा. क्लासातल्या बायकांशी तुम्ही मोकळं बोलायचात, मी दारात दिसले की जीभ सावरायची. हे मला दिसत होतं. मी त्याला सुधारणा म्हणत होते.

तुम्ही आजारी पडायच्या दोनेक महिने आधी प्रकाशकांचा फोन आला. कादंबरीची नवी आवृत्ती काढायची, माझाच लेख प्रस्तावना म्हणून पुढं घालायचा. दुकानाची जागा बदलताना माळ्यावरची जुनी प्रुफं निघाली होती, ती आणि लेखकांचं हस्तलिखित एका पिशवीत घालून त्यांनी माझ्याकडं पाठवलं. म्हणाले, एकदा नजर टाका. मी टाकली. शेवटच्या पानावर शाईच्या पेनानं, लांबुडक्या अक्षरात मास्तरांनी लिहिलं होतं: ‘मग सारे पानी.’ प्रुफातही ‘पानी’च जुळवलेलं होतं. त्यावर लाल रेघ होती, आणि समासात माझ्या हातचा ण, ठसठशीत, खाली दोनदा अधोरेखित.

मला ते केलेलं आठवत नव्हतं, पण का केलं असेल ते लगेच कळलं. बाकीच्या पात्रांच्या तोंडचं ‘पानी’ मी जागच्या जागी सोडलं होतं, गावची माणसं म्हणून. ही बाई मात्र मोठमोठ्या मैफली गाजवलेली, तिच्या तोंडी ‘पानी’ मला शोभेना. म्हणून मी तिला सुधारली. मरणाच्या दारात. ज्या तुटलेल्या सुरावर मी इतकी वर्षं बोलत होते तो मास्तरांनी तोडलेला नव्हता. तो मी तोडला होता, आणि त्या तोडण्याचं कौतुकही मीच लिहिलं होतं.

त्याच दिवशी तुमच्याकडं यायला हवं होतं. दोन गल्ल्यांचं तर अंतर. मी पिशवी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि प्रकाशकांना कळवलं, सगळं ठीक आहे. स्वतःला म्हटलं, सांगू सवडीनं. खरं म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर ‘मी म्हणत नव्हते का?’ असं दिसलं असतं, आणि तेवढं सुद्धा मला सोसवलं नसतं.

मग तुम्ही आजारी पडलात. जालना रोडच्या त्या दवाखान्यात मी रोज दुपारी डबा घेऊन यायचे. रोज येताना ठरवायचे, आज सांगायचं. तुमचा डोळा लागलेला असायचा, किंवा नर्स असायची, किंवा भाऊ बसलेले असायचे, कारणांना काय तोटा. एका दुपारी आपण दोघीच होतो. नाकात नळी, ओठ सुकलेले. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं पाहिलंत, जरा दम घेतलात आणि म्हणालात, “पाणी दे गं.” तशा अवस्थेत. ण कसा नीट, जिभेला ताण देऊन. मला लाज वाटली. म्हणावंसं वाटलं, आक्का, पानी म्हणा हो, तुम्हाला हवं तसं म्हणा. मी चमच्यानं पाणी पाजलं आणि पदरानं तुमचं तोंड पुसलं. त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

तेराव्याला तुमचे शिष्य आले होते. जेवणं झाल्यावर मी मागच्या ओट्यावर बसले होते, तर नाझिया येऊन शेजारी बसली. उर्दू शाळेतली नाझियाबाजी, तुमची सगळ्यात जुनी शिष्या. मला धीर धरवेना. तुम्हाला नाही तर तुमच्या माणसाला तरी सांगावं म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं, हस्तलिखित, लाल रेघ, समासातला ण. ती ऐकत होती, पण तिला नवल वाटलेलं दिसेना.

“भाभी, हमकू मालूम था,” ती म्हणाली.

“काय मालूम होतं?”

“येच. आक्का बोल के रक्खे थे, उषा के सामने पानी की बात कोई नक्को निकालो. उसनेच सुधारी है, उसकू याद नहीं.”

मी म्हटलं, “त्यांना कसं कळलं? कागद तर मी कुणालाच दाखवले नाहीत.”

नाझियानं जरा मागंपुढं केलं. मग तुमच्या आवाजात, तुमच्या मराठीत बोलली, “आक्का म्हनायच्या, माझं पानी तिनं घरात सुधारलं, छापखान्यात सोडंल व्हय?”

मला आधी रागच आला, आक्का. खोटं कशाला बोलू. एवढं माहीत होतं तर तोंडावर का नाही सांगितलंत? वाचनालयात मी तुम्हाला हसण्यावारी नेलं, लोक तुमच्याकडं वळून बघून हसले, तेव्हा नुसतं एवढंच म्हणायचं होतं, बाई, प्रुफं कुणी तपासली? माझी बोलती तिथंच बंद झाली असती. तुम्ही म्हणालात, मूळ कागद बघावा. पुढं करमाडला, रिक्षात, पंगतीत, दर वेळी तेच म्हणत राहिलात, कागद बघ. मी समजत होते तुम्ही हट्टाला पेटलात. तुम्ही मला एकटीला, कुणाच्या देखत नाही, माझी चूक सापडावी म्हणून दार उघडं ठेवत होता. आणि मला ती सापडल्यावरही मी तुमच्याकडं आले नाही. तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही की मी कागद बघितला.

हे दुखतं. फार दुखतं. तुमच्या भावाला सांगितलं तर ते म्हणाले, “आक्काला राग नसायचाच कुणाचा.” मला तसं समाधान करून घ्यायचं नाही. तुम्हाला राग आला असणार, तुम्ही काही संत नव्हता, पोळीला तूप कमी पडलं तरी दोन दिवस घुश्शात असायचात. राग आला आणि तरी तुम्ही शिष्यांची तोंडं बंद केलीत, माझी अब्रू राखलीत. त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते.

परवा सकाळी मी प्रकाशकांना फोन केला. प्रस्तावना काढून टाका म्हटलं. ते हबकलेच, “मॅडम, पानं लागलीत, त्या लेखावर तर आवृत्ती चालायची.” मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कारण काय छापू? मी म्हटलं, अर्ध्या पानाची टीप देते. म्हातारीची वाक्यं सुरांची आहेत हे कमल देशमुख यांनी, म्हणजे तुम्ही, पहिल्यांदा ओळखलं, शेवटच्या वाक्यात मुद्रितशोधकानं चूक केली होती, तीही त्यांनीच ओळखली, आणि ते वाक्य नी वर का थांबतं याचा त्यांनी लावलेला अर्थ असा. खाली मुद्रितशोधक म्हणून माझं नाव.

मग त्यांनी फोन मजकूर टाइप करणाऱ्या बाईंकडं दिला. त्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या.

“मॅडम, शेवटच्या पानावर काय बदल?”

“पाणी मधला ण काढा. न घाला.”

“कुठला न? बाणातला?”

“नाही. नळातला.”

पलीकडं बोटं थांबल्याचं कळलं. “मॅडम, पण मग शब्द अशुद्ध नाही का होणार?”

“शुद्धच आहे,” मी म्हटलं. “शुद्ध नी आहे तो.”

त्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी अक्षर बदललं आणि ओळ मला सावकाश वाचून दाखवली, मग सारे पानी, आणि विचारलं, “बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणाले. एवढ्या वर्षांत तुम्हाला हा एक शब्द मी कधी म्हटला नाही, आक्का.